फोर्टात बसायची जागा

मुंबई विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं कळलं की गावाकडे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राजाबाई टॉवर उभा राहतो. माझ्याही राहिला होता. सांगोल्याहून रात्रीच्या गाडीने आले, सकाळी अकराच्या ठोक्याला कागदपत्रांची फाइल पोटाशी धरून त्या टॉवरखाली उभी राहिले, आणि फाटकावरच्या मामांनी कागद बघून सांगितलं, "बेटा, तुझा विभाग कालिन्याला. रानडे भवन." प्रवेशाच्या कागदावर ते छापलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं.

तेव्हा पहिली गोष्ट घरूनच उरकून घ्या: आपला वर्ग नक्की कुठे भरतो ते बघा. विद्यापीठाची जुनी जागा फोर्टात, म्हणजे दक्षिण मुंबईच्या जुन्या भागात, असली तरी बहुतेक पदव्युत्तर विभाग सांताक्रूझ पूर्वेला कालिन्यात आहेत. फोर्टात आहे ती मुख्य कचेरी, विधी विभाग, दीक्षान्त सभागृह आणि ग्रंथालय. बाकी एल्फिन्स्टन, सिद्धार्थ, सिडनहॅम, शासकीय विधी महाविद्यालय, विज्ञान संस्था आणि चर्चगेटचं एसएनडीटी हे सगळं अर्ध्या तासाच्या पायी टप्प्यात येतं. यातल्या कशातही नाव असेल तर हा परिसर तुमचा. कालिन्यात असलात तरी तुमचाच. माझी खोली चर्चगेटजवळच्या एका वसतिगृहात होती. चौघींना एक खोली आणि चौघींत मिळून एक टेबल. त्यामुळे मला फोर्ट पाहायचा वगैरे नव्हता, मला बसायला जागा हवी होती. ती शोधता शोधता फोर्ट कळला. तुम्हीही त्याच वाटेने जा, असं मी सांगेन. यादी घेऊन इमारती टिपत फिरणारे दोन दिवसांत थकतात.

आधी पास, मग नावं

लोकलचा विद्यार्थी पास निम्म्या भावात मिळतो. त्यासाठी कॉलेजच्या कार्यालयातून सवलतीचा फॉर्म घ्यायचा आणि खिडकीवर द्यायचा. फॉर्मला मुदत असते, वहीत ठेवून विसरू नका. पश्चिम रेल्वेने आलात तर चर्चगेटला उतरायचं, मध्य किंवा हार्बरने आलात तर सीएसएमटीला. मेट्रो ३ चं तर थेट 'हुतात्मा चौक' नावाचं स्टेशनच आहे.

आता नावांचा घोळ. इथे प्रत्येक रस्त्याला दोन नावं आहेत: एक पाटीवरचं, एक तोंडातलं. सीएसएमटीला जुनी माणसं अजून व्हीटी म्हणतात. हुतात्मा चौक विचारलात तर समोरचा "फाउंटन का?" म्हणेल. डी. एन. रोड हा जुना हॉर्नबी रोड, महात्मा गांधी रोड हा जुना एस्प्लनेड रोड, आणि 'काळा घोडा' नावाच्या चौकाजवळचा के. दुभाष मार्ग म्हणजे रॅम्पार्ट रो. हे शेवटचं नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. टॉवरसमोरच्या, ओव्हल मैदानाला लागून असलेल्या रस्त्याला कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव आहे. 'कमवा आणि शिका' सांगणाऱ्या अण्णांचा रस्ता विद्यापीठाच्या दारावरून जातो याचं मला उगाच बरं वाटतं.

पहिली फेरी: चर्चगेट ते टॉवर

संध्याकाळी साडेपाचला निघा, शक्यतो कामाच्या दिवशी. चर्चगेटहून वीर नरीमन रोडने पूर्वेला, म्हणजे समुद्राकडे पाठ करून, चालायला लागा. उजव्या हाताला ओव्हल मैदान येईल. मैदानातून आरपार जाणारी एक पायवाट आहे, कचेरीतून सुटलेली माणसं त्यावरून स्टेशनकडे पळत असतात. त्यांच्या उलट दिशेने तुम्ही आत शिरा, मध्यावर थांबा आणि दोन्हीकडे बघा.

पूर्वेला टोकदार कमानी, मनोरे, कोरीव दगड: उच्च न्यायालय, विद्यापीठ, जुनं सचिवालय. पश्चिमेला गोलसर कोपऱ्यांच्या, आगबोटीसारख्या बाल्कन्यांच्या इमारती, त्या १९३०च्या आसपासच्या. मधे क्रिकेट. समोरासमोरच्या या दोन रांगांना मिळूनच २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शहराची दोन शतकं एकमेकांकडे तोंड करून उभी आणि मधे कुणीतरी पायचीतचं अपील करतंय, असं दृश्य रोज फुकट बघायला मिळतं.

आता टॉवर. कापसाच्या सट्ट्यातून अफाट श्रीमंत झालेले प्रेमचंद रायचंद यांनी त्या काळचे दोन लाख रुपये दिले आणि अट एकच घातली, टॉवरला आईचं, राजाबाईंचं नाव द्यायचं. आईंची दृष्टी गेली होती, सूर्यास्तापूर्वी जेवायचा त्यांचा जैन नेम होता आणि घंटेमुळे त्यांना वेळ कळायची, असं सांगतात. गोष्ट गोड आहे, पुराव्याचं मला विचारू नका. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे गृहस्थ मुंबईत कधी आलेच नाहीत, लंडनहून कागद पाठवले. बांधकाम १८६९ ते १८७८. उंची २८० फूट.

मान वर करून जरा धीराने बघा. टॉवरवर वरच्या भागात माणसांचे पुतळे आहेत, एकूण २४. देवदूत नाहीत की संत नाहीत, ही पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातिजमातींची माणसं आहेत. पागोटी निरनिराळी, अंगरखे निरनिराळे. त्यांचे नमुने घडवले ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी. आराखडा लंडनचा, पण पागोट्याची घडी इथल्या माणसाला ठाऊक होती. खालून नुसत्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत. मोबाइलचा कॅमेरा पुरेपूर झूम करून मैदानातूनच बघा, टॉवरच्या पायथ्याशी गेलात तर मान दुखेल आणि दिसणार काहीच नाही. वर चढायला देत नाहीत, त्यासाठी हुज्जत घालू नका.

शेजारचं दीक्षान्त सभागृह १८७४चं. त्याच्या गोल चक्राकार खिडकीत बारा राशी आहेत, आपली रास शोधण्यात पाच मिनिटं मजेत जातात. आणि एक हिशेब: विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ची, न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर पहिल्या बी. ए.च्या तुकडीत उत्तीर्ण झाले १८६२ला. म्हणजे यातली एकही भिंत उभी नसताना ही मंडळी पदवीधर झाली. आपल्या कॉलेजला इमारत चांगली नाही म्हणून कुढणाऱ्यांना हे ऐकवायला बरं असतं.

दुसरी फेरी: नसलेल्या भिंतीवरून

फोर्ट म्हणतात, मग किल्ला कुठाय? मी पहिले दोन महिने शोधत होते.

किल्ला पाडला. तोही शत्रूने नव्हे, सरकारने. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी तटबंदी उतरवली. त्याआधी या पूर्ण भागाला कोट होता आणि तीन दरवाजे: उत्तरेला बाजारगेट, दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला चर्चगेट. हा चर्चगेट रेल्वे स्टेशनापाशी नव्हता. तो होता आज जिथे फ्लोरा फाउंटन आहे तिथे, आणि त्यातून आत सरळ गेलं की सेंट थॉमस चर्च लागायचं, म्हणून चर्चगेट. स्टेशनाने नुसतं नाव उचललं.

कोटाबाहेर खंदक होता, त्याची हकीकत आपल्याशी निगडित आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली. उद्या मराठे इकडे वळले तर? खंदक खणायचं ठरलं, त्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये काढून दिले. तटापुढची जमीन तोफांच्या माऱ्याला मोकळी राहावी म्हणून तिथे बांधकाम करू द्यायचे नाहीत. ती मोकळी जमीन म्हणजे एस्प्लनेड, आणि तिचे उरलेले तुकडे म्हणजे ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज मैदान. मुंबईसारख्या शहरात, जिथे पाय ठेवायला जागा नाही, तिथे एवढी मैदानं कशी राहिली याचं एक उत्तर इंग्रजांनी घेतलेल्या आपल्या धास्तीत आहे.

पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. तट पडल्यावर मोकळी झालेली जमीन होती आणि ती बांधून काढायला पैसाही होता. १८६५ला युद्ध संपलं, भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या, खुद्द प्रेमचंदही बुडाले. टॉवर मात्र नंतर उभा राहिला.

ही फेरी अशी करा. काळ्या घोड्यापासून सुरुवात, कारण रॅम्पार्ट रो म्हणजेच तटाकडेची रांग. तिथून महात्मा गांधी रोडने उत्तरेला हुतात्मा चौकापर्यंत या. वाटेत एस्प्लनेड मॅन्शनचा लोखंडी सांगाडा दिसेल. मूळचं हे वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ला लुमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ इथे झाला. आज वास्तूची दशा बघवत नाही, खालून घाईने जा.

हुतात्मा चौकात मात्र घाई नको. कारंजं १८६४चं, ते खरं तर राणीच्या बागेसाठी घेतलेलं. त्याच्या बाजूला मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत. २१ नोव्हेंबर १९५५ला संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी इथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. त्या लढ्यात शंभरावर माणसं गेली आणि १ मे १९६०ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. शाळेत हा धडा आपण पाठ केलेला असतो. मी एकदा दुपारी तिथली नावं वाचली. एकेक नाव आणि गाव वाचताना धडा वेगळा लागतो.

चौकातून पूर्वेला वीर नरीमन रोडने आत गेलात की सेंट थॉमस चर्च, १७१८चं. जुन्या मुंबईत मैलांचं मोजमाप या चर्चपासून व्हायचं, शहरात सापडलेल्या मैलाच्या दगडांवर तसं कोरलेलं आहे. आणि ज्यांना खरोखरीची भिंत बघायचीच आहे त्यांनी सीएसएमटीमागच्या सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात जावं. फोर्ट जॉर्जचा एक तुकडा तिथे शिल्लक आहे. रुग्णालय आहे हे लक्षात ठेवा, सेल्फीचा कार्यक्रम करू नका.

आता बसायचं कुठे

हा लेखाचा मुख्य भाग. माझ्या अनुभवाने उतरत्या क्रमाने सांगते.

विद्यापीठाचं ग्रंथालय टॉवरखालीच आहे. ओळखपत्र लागतं, तुम्ही विद्यापीठाचे विद्यार्थी असाल तर आत कसं जाता येईल ते कार्यालयात विचारून कार्ड करून घ्या. वाचनकक्षाला रंगीत काचांच्या उंच खिडक्या आहेत, २०१५ मध्ये टॉवरबरोबर त्यांचीही डागडुजी झाली. दुपारी उन्हाचा तुकडा निळा-तांबडा होऊन टेबलावर येतो आणि सावकाश सरकतो. माझं भाषाशास्त्राचं वाचन त्या तुकड्याच्या वेगाने झालं, म्हणजे फारसं झालं नाही. अभ्यास करायचा असेल तर खिडकीकडे पाठ करून बसा.

डेव्हिड ससून ग्रंथालय काळ्या घोड्यासमोर, पिवळसर मालाड दगडाचं, १८७०चं. टाकसाळीतल्या आणि गोदीतल्या तंत्रज्ञांनी १८४७ला सुरू केलेल्या वाचनालयाचं हे घर. सभासद व्हावं लागतं. वरच्या व्हरांड्यात लांब पायांच्या आरामखुर्च्या आहेत, मागे बाग. परीक्षेच्या दिवसांत जागा मिळवायची तर सकाळी लवकर जा. दुपारी जेवून आरामखुर्चीत बसण्याबद्दल मी काही बोलत नाही, स्वतः अनुभव घ्या.

डी. एन. रोडवरचं जे. एन. पेटिट ग्रंथालय बाहेरून लक्षातही येत नाही, पण आत तीच शांतता, आणि गर्दी कमी.

एशियाटिक सोसायटी, म्हणजे हॉर्निमन सर्कलसमोरचा टाऊन हॉल, १८३३चा. संस्था त्याहून जुनी, १८०४ची. इटालियन कवी दांते यांच्या महाकाव्याचं चौदाव्या शतकातलं हस्तलिखित इथे आहे. नानासाहेबांचा, म्हणजे जगन्नाथ शंकरशेटांचा पुतळाही आहे. दुर्गा भागवत इथे वर्षानुवर्षं वाचत बसत. आत सभासदत्वाचे नियम आहेत, पण बाहेरच्या पायऱ्या आहेत ना. संध्याकाळी त्या पायऱ्यांवर बसणं हे फोर्टातलं सगळ्यात स्वस्त सुख. पहारेकऱ्याने उठा म्हटलं की मुकाट उठायचं, दुसऱ्या दिवशी परत जायचं.

समोरची हॉर्निमन सर्कलची बाग दुपारी सावलीची. याच परिसरात वडाखाली जमणाऱ्या दलालांनी १८७५ला शेअर बाजाराची संघटना बांधली. बागेच्या कडेला लाल इमारत दिसेल, ते 'मुंबई समाचार'चं घर. हे गुजराती वर्तमानपत्र १८२२पासून अखंड चालू आहे. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' त्यानंतर दहा वर्षांनी, याच शहरात.

जहांगीर कलादालनात बसायला फारसं नाही, पण तिथे फुकट थंडावा मिळतो आणि चित्रंही. मे महिन्यात मी चित्रकलेची मोठी रसिक झाले होते.

खाणं

दुपारी एक ते दोन रस्त्यावर वकील, बँकवाले, कारकून सगळे एकदम उतरतात. त्या तासात कुठेही टेबल मिळायचं नाही. बाराला जेवा, नाहीतर अडीचला. उडुपी हॉटेलातली राइस प्लेट बहुतेक सगळीकडे भरवशाची. सीएसएमटीसमोर 'आराम'ला वडापाव, थालीपीठ, पियूष. घरची आठवण येऊन रडू येईल असं वाटलं की तिथे जा. बाजारगेटकडे 'पंचम पुरीवाला', पोट भरून पुरीभाजी.

इराणी हॉटेलात एकदा तरी जायला हवं. मी पहिल्यांदा ब्रून मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, मागवला आणि तो तसाच चावायला गेले. हिरडी सोलली. समोर बसलेल्या पारशी आजोबांनी काही न बोलता स्वतःच्या ब्रूनचा तुकडा तोडला, चहात बुडवला, दोन आकडे मोजावेत इतका वेळ धरला आणि तोंडात टाकला. मग माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. कडक साल चहाने मऊ होते, आतलं लोणी वितळून चहावर सोनेरी ठिपके येतात. जास्त वेळ धरलात तर तुकडा तळाशी. रविवारी मात्र यातलं बरंच बंद असतं, डबा न्या.

काही व्यवहाराचं

प्रोजेक्टचा जो जाड अहवाल शेवटी द्यावा लागतो त्याला इथे सगळे 'ब्लॅक बुक' म्हणतात. गावाकडून आलेल्याला पहिल्यांदा हे काहीतरी गुन्हेगारी वाटतं. कोर्टाच्या आसपासच्या गल्ल्यांत झेरॉक्स, टायपिंग, नोटरी, बायंडिंग सगळं एका हाकेवर. पण कोर्टाच्या घाईच्या वेळी वकिलांची कामं आधी होतात, तुम्ही दुपारनंतर जा आणि जमा करायच्या आदल्या दिवशी तर मुळीच जाऊ नका. जुनी पुस्तकं फाउंटनच्या पदपथावर मिळतात. भाव करा, पण पुस्तक हातात घेऊन डोळे चमकू देऊ नका.

पावसाळ्यात डी. एन. रोडने चाला. १८९६च्या नियमाने तिथल्या इमारतींना पदपथावर कमानी काढणं सक्तीचं झालं, त्यामुळे बराचसा रस्ता छत्री न उघडता पार होतो.

फोटो काढताना भान ठेवा. नौदलाची गोदी, टाकसाळ, न्यायालय इथे मोबाइल वर केलात की शिट्टी वाजते. बनाजी लिमजी अग्यारी, म्हणजे पारशांचं अग्निमंदिर, १७०९ची, शहरातली सगळ्यात जुनी, पण आत प्रवेश फक्त पारशांना. बाहेरून बघा आणि पुढे चला. क्रॉस मैदानाच्या कडेच्या भिखा बेहरामच्या विहिरीचंही तसंच. निळ्या केनेसेथ एलियाहू सिनॅगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ओळखपत्र दाखवून जाता येतं, बॅग तपासतात.

घरून कुणी आलं तर

दिवाळीआधी आई-बाबा आले. मी त्यांना टॉवर, कोर्ट, म्युझियम सगळं एका दिवसात दाखवायला निघाले, दुपारपर्यंत आईच्या चपलेचा अंगठा तुटला. शहाणपणाचा बेत असा: सकाळी दहाला सीएसएमटी, कमानींखालून हुतात्मा चौक, तिथे थांबून पाणी, मग सेंट थॉमसवरून हॉर्निमन सर्कल, बागेत डबा. बस्स. बाकीचं टॅक्सीतून जाताना दाखवा.

त्या दिवशी शेवटी आम्ही एशियाटिकच्या पायऱ्यांवर जाऊन टेकलो. आई तुटक्या चपलेला पिन लावत होती. बाबा खाली उतरले, परत वर आले, पुन्हा खाली गेले. मला वाटलं काही पडलं.

"तीस आहेत," वर येऊन ते म्हणाले आणि शेजारी बसले. "तू रोज इथे बसतेस?"

"जागा मिळाली तर."

त्यांनी पायरीवरची धूळ हाताने झाडली आणि आईला म्हणाले, "सरक जरा. तिची जागा आहे."